वाळूकडे लावलेला सांधा

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरची माहिती म्हणून मला एवढंच सांगितलं गेलं, की सासरे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, अपघातात त्यांचा पाय गेला आणि सासूबाई अजून नोकरी करतात. कसली नोकरी ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रेल्वेतली बाई म्हणजे तिकीट खिडकीवर असणार, इतपतच माझी अक्कल.

सासरी दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. मी माहेरच्या कुणाबद्दल तरी काही सांगत होते आणि सासूबाईंनी एकदम बोट वर केलं. मामंजींचा घास हातातच राहिला. माझा नवरा ताटात बघत बसला. मला वाटलं, आपल्या तोंडून काही भलतंच गेलं. मग भिंतीला बारीक कंप सुटला, फडताळातल्या कपबश्या किणकिणल्या आणि घराच्या मागून एक मालगाडी चढाला लागली. तिचा आवाज वरच्या वळणापलीकडे जाऊन विरेपर्यंत, म्हणजे चांगली दहा-अकरा मिनिटं, कुणी शब्द बोललं नाही. अन्न गार झालं.

"हं, काय म्हणत होतीस तू?" सासूबाईंनी मग विचारलं.

अशा दिवसाला चौदा गाड्या वर चढायच्या. मी नवऱ्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "सवय होईल." सवय व्हायला मला वर्ष लागलं, आणि ती भीती कुठून आली ते कळायला त्याहून जास्त. काही सासूबाईंनी सांगितलं, काही मामंजींनी, काही लाईनवरच्या माणसांनी. ते जुळवून इथे सांगते.

तो चढ पायी चालताना फारसा जाणवतही नाही. सदतीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. पण हजार टन माल घेऊन निघालेल्या गाडीला प्रत्येक पाऊल जड जातं, आणि उतरताना ब्रेकनं दगा दिला की तिला धरायला कुणी नसतं. म्हणून चढाच्या मध्यावर, आमच्या घराच्या अगदी वरच्या अंगाला, एक केबिन होती. तिथून मुख्य लाईनला एक फाटा फुटायचा. हा फाटा समोरच्या टेकडीवर उलटा चढत जायचा आणि शेवटी वाळूच्या ढिगाऱ्यात संपायचा. सगळे त्याला वाळूची लाईन म्हणायचे. ताबा सुटलेली गाडी खाली आली तर तिला वाळूत घालायचं, म्हणजे ती खालच्या स्टेशनावर जाऊन आदळणार नाही.

रूळ या वाटेवरून त्या वाटेला लावायचा जो सांधा, तो केबिनमधल्या एका लोखंडी दांड्यानं बदलायचा. सासूबाई पाळीनं ते काम करायच्या. नियम साधा होता. सांधा एरवी कायम वाळूकडे. वर जाणारी गाडी आली की तेवढ्यापुरता सरळ लाईनला लावायचा आणि शेवटचा डबा पुढे सरकला की लगेच परत वाळूकडे. खाली येणाऱ्या गाडीनं केबिनच्या वर दोनशे पावलांवर एक पाटी होती तिथे पूर्ण उभं राहायचं, दोन छोट्या शिट्ट्या द्यायच्या, मगच तिला सरळ वाट द्यायची. न थांबता आली तर वाळूत. आत कोण बसलंय हे बघायचं नाही.

हा नियम सासूबाईंना पाढ्यांच्या आधी पाठ होता, कारण त्यांचे वडील तिथेच सांधेवाले होते. आई नव्हती, त्यामुळे शाळा सुटली की पोर केबिनमध्ये. नऊ वर्षांच्या असताना त्यांनी लाकडानं भरलेल्या चार वाघिणी, म्हणजे मालडबे, वरून सुटून येताना पाहिल्या. इंजिन नाही, माणूस नाही, नुसत्या वाघिणी, आणि रुळांवर पीठ दळल्यासारखा आवाज. त्या वाळूत शिरल्या आणि ओंडके काडेपेटीतल्या काड्यांसारखे टेकडीभर उडाले. वडिलांनी चहा ओतून घेतला, पण कप बशीवर ठेवता येईना. "आत माणूस नव्हतं," ते म्हणाले, "म्हणून चहा तरी प्यायला जातोय."

पुढे वडिलांचा खांदा धरला तेव्हा दांडा ओढायला पोरच लागायची. ते निवृत्त झाल्यावर त्या एकाकी जागी दोन माणसं आली आणि महिन्या-महिन्यात पळून गेली. शेवटी ऑफिसनं सासूबाईंनाच नेमलं. ड्रायव्हर लोक त्यांना 'सांधेवाली' म्हणायचे. त्यांतला एक ड्रायव्हर जाता-येता जरा जास्तच वेळ हात हलवायचा. ते आमचे मामंजी.

मामंजी मागच्या इंजिनावर असायचे. जड गाडीला पुढचं इंजिन ओढायचं आणि चढापुरतं मागून दुसरं एक ढकलायचं. ते काळंकुळीत, वाफेचं. दिवसातून चार-पाच वेळा ते केबिनखालून धापा टाकत वर जायचं आणि एकटंच परत यायचं. लग्न झाल्यावर माणूस घरी येईपर्यंत वाट बघायची असते; सासूबाईंना ती रोज चार-पाच वेळा बघावी लागायची.

"वाफेचं इंजिन बोलायचं गं," त्या मला सांगायच्या. "दमलं की कळायचं. भक्क, भक्क, भक्क. मग भक्क... भक्क... मध्ये जागा पडायला लागायची. चाक घसरलं की एकदम भकभकभक करून गप्प व्हायचं. माझा श्वास तिथेच अडकायचा. मग परत एक भक्क आला की श्वास सोडायचा. डिझेल आली आणि ते गेलं. ती बाई तोंड मिटून चढते. तिचं चांगलं चाललंय की तिला घेरी येतेय, बाहेरून काही समजत नाही."

अपघात झाला ते वर्ष मधलं होतं. पुढं ओढायला डिझेल आलं होतं, मागं ढकलायला अजून वाफेचं. मामंजींना कळवलं होतं की महिन्याभरात त्यांचं इंजिन भंगारात जाईल, त्यांनी डिझेलच्या ट्रेनिंगला जावं. मामंजींना जायचं नव्हतं. पंचेचाळिशीत पोरांबरोबर बाकावर बसून परीक्षा द्यायची त्यांना धास्ती होती, पण ते तसं कबूल थोडेच करणार. त्या दिवशी सकाळी ते सासूबाईंना म्हणाले, "तूच सोड ही नोकरी. खाली सपाटीवर बदली मागू."

"परीक्षेला घाबरता म्हणून मी नोकरी सोडू?" सासूबाई म्हणून गेल्या. मामंजी डबा न घेता बाहेर पडले.

अकराच्या सुमाराला मालगाडी आली. पुढे डिझेल, मागे सिमेंटच्या तीस वाघिणी, मग गार्डचा डबा, शेवटी मामंजींचं इंजिन. त्या काळी तसल्या मालगाडीला ब्रेक फक्त इंजिनाला आणि गार्डच्या डब्याला असायचा, वाघिणी नुसत्या एकीला एक अडकवलेल्या. बारीक पाऊस होता, रूळ बुळबुळीत झाले होते. खालच्या स्टेशनात एक पॅसेंजर वाट मोकळी होण्याची वाट बघत उभी होती. केबिनमधून तिची छतं दिसायची आणि फलाटावर पाय मोकळे करणारी माणसं मुंग्यांएवढी.

सासूबाईंनी गाडीला सरळ वाट दिली. मामंजींचं इंजिन खालून गेलं. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांचा फायरमन, ज्याला सगळे 'बारक्या' म्हणायचे, त्यानंच हात केला. शेवटचं चाक पुढे गेलं आणि सासूबाईंनी दांडा परत ओढला. सांधा वाळूकडे. गाडी वळणाआड गेली. आता दिसत होता तो फक्त डोंगराच्या कापावरून वर सरकणारा धूर.

भक्क, भक्क, भक्क. मग मध्ये जागा पडायला लागली.

मग काहीतरी तुटल्याचा आवाज आला. मोठा नव्हता. जाड पाटी दगडावर आपटावी तेवढाच. पुढून सहाव्या वाघिणीची साखळी तुटली होती. डिझेल पाच वाघिणी घेऊन पुढे निघून गेलं, आणि उरलेल्या पंचवीस वाघिणींचा भार त्या म्हाताऱ्या इंजिनावर आला. सासूबाईंना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी ऐकलं ते एवढंच. एक भक्क. मोठी जागा. आणखी एक. मग चाकं घसरल्याचा भकभकाट, आणि शांतता.

त्या धुराकडे बघत उभ्या राहिल्या. धूर एका जागी थांबला होता. मग तो कापावरून खाली सरकायला लागला.

त्यांनी फोन उचलला. खालच्या मास्तरांना म्हणाल्या, "गाडी मागे येतेय. फलाट रिकामा करा."

मास्तर म्हणाले, "तुमचा सांधा कुठे आहे?"

"वाळूकडे."

"मागच्या इंजिनावर कोण आहे?"

"आमचे हे."

मास्तर "बाई," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून ओरडत बाहेर पळाले.

इंजिन वळणावर दिसलं. पाठमोरं, कोळशाचा टेंडर पुढे करून येत होतं आणि मागून पंचवीस वाघिणी त्याच्यावर रेलल्या होत्या. फार वेगात नव्हतं. सायकल उतारावर सोडून दिल्यावर जाते तेवढा वेग. ब्रेक लागलेल्या चाकांखालून ठिणग्या उडत होत्या. बारक्या कुठे दिसेना. त्याला मामंजींनी वळणावरच उडी मारायला लावली होती. मामंजी एकटे बाहेर वाकून खाली बघत होते. पाटी आली. इंजिन थांबलं नाही. आणि शिट्टी झाली. दोन. छोट्या.

दोन छोट्या म्हणजे गाडी माझ्या ताब्यात आहे, सरळ वाट द्या.

परत दोन. मामंजी हात हलवत होते. वाट दे म्हणून, की बाजूला हो म्हणून, हे सासूबाईंना कळेना. गाडी थोडी मंदावल्यासारखीही वाटली. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि शिट्टीच्या बाबतीत त्या माणसानं त्यांना कधी फसवलं नव्हतं. दांडा हाताशी होता. ओढायला दोन सेकंद लागतात.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका मुठीत दुसरं मनगट घट्ट धरलं, वर्गात शिक्षा झालेल्या पोरीसारखं. इंजिन त्यांच्या पायाखालून वाळूच्या लाईनला वळलं. जाताना मामंजींनी वर बघितलं. तो चेहरा कसा होता हे सासूबाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही.

गार्डनं सांध्यापाशी उडी मारली, त्याचे पुढचे दात गेले. गाडी टेकडी चढत गेली, मंदावली, पण वाघिणींचा रेटा संपत नव्हता. टेंडर वाळूत घुसला, गार्डच्या रिकाम्या डब्याचा चुराडा झाला आणि टेंडरमधला सगळा कोळसा इंजिनात मामंजींच्या अंगावर आला. मग वाफेचा फूत्कार आणि सगळीकडे सिमेंटची पांढरी धूळ.

सासूबाईंना केबिन सोडता येत नव्हती. वर डिझेल होतं, पाच वाघिणी होत्या, त्यांचं काय झालंय माहीत नव्हतं. बदली माणूस यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर त्या दांड्याजवळ उभ्या राहून टेकडीकडे बघत होत्या. खालून माणसं फावडी घेऊन धावत येताना दिसत होती. कोळसा उपसणं दिसत होतं. काय बाहेर काढलं ते दिसत नव्हतं. "जिवंत आहे का, असं ओरडून विचारता आलं असतं," त्या मला म्हणाल्या. "पण कुणी नाही म्हणालं असतं तर मग मला तिथे उभं राहता आलं नसतं."

जिवंत होते. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशीला तीन साहेब आले. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "दोन छोट्या शिट्ट्या ऐकू आल्या?"

"आल्या."

"मग सरळ वाट का दिली नाही?"

"गाडी उभी नव्हती."

मामंजींना दवाखान्यात विचारलं. ते म्हणाले, गाडी माझ्या ताब्यात होती, आणखी थोडी जागा मिळाली असती तर मी ती थांबवली असती. साहेबांनी सासूबाईंचं बरोबर ठरवलं. खालच्या पॅसेंजरमध्ये चारशे माणसं होती. सासूबाईंना प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्यांनी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून दिलं.

मी त्या घरात आले ती याच्या पाच वर्षांनंतर. मामंजी घर सांभाळायचे. स्वयंपाक त्यांचा, आणि तो माझ्यापेक्षा बरा होता हे मी कबूल करते. नवरा-बायको एकमेकांशी नीट वागायचे. पण कुणी पाहुणा आला आणि विषय निघाला की मामंजी एकदा तरी म्हणायचेच, "दोन फर्लांग मिळाले असते तर थांबवली असती." सासूबाई तेव्हा उठून आत जायच्या. आत त्यांना काही काम नसायचं. मी एकदा मागोमाग गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. नवरा खरं बोलत असेल तर पाय आपण घेतला, ही धास्ती त्यांच्या पाठीवर बसलेली होती. आणि रोज चौदा गाड्या.

आणखी दोन वर्षांनी, एका दुपारी, सासूबाई कामावर होत्या. मामंजी खिडकीशी बसून भाजी निवडत होते. मालगाडी चढाला लागली, पुढे-मागे दोन्हीकडे डिझेल. ती वळणाआड गेली आणि तिचा आवाज मध्येच बंद पडला. वरच्या कापात गाडी उभी राहिली होती. भिंती गप्प, कपबश्या गप्प. मामंजींनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंडगार आणि ओला होता.

"आता मागे येईल," ते म्हणाले.

"नाही येणार, मामंजी. हल्ली सगळ्या डब्यांना ब्रेक असतात ना?"

ते माझं ऐकत नव्हते. खिडकीतून वर बघत होते, घाम कपाळावरून नाकावर आला होता. आणि ते बोलायला लागले, हळू, मला की स्वतःला कोण जाणे.

"माझ्या ताब्यात नव्हती. वळणाच्या आधीच मला कळलं होतं. वाळूची लाईन मी आयुष्यभर जाता-येता बघितली होती. त्यात जायचं नव्हतं मला. खाली पॅसेंजर उभी आहे, माहीत होतं. तिच्या ड्रायव्हरबरोबर सकाळी चहा प्यायलो होतो. तरी दिल्या शिट्ट्या. म्हटलं, ती माझं ऐकेल."

तेवढ्यात वर घरघर झाली, कपबश्या हलल्या, गाडी पुन्हा चालू लागली. मामंजींनी माझं मनगट सोडलं. तिथे बोटांचे वळ उठले होते.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले.

मी सून. घरात येऊन दोन वर्षं झालेली. पण मला त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या सासूबाई दिसत होत्या. मी म्हणाले, "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. आजच."

त्यांनी भाजी बाजूला सारली. मग कुबडी मागितली. केबिनला बावीस पायऱ्या होत्या आणि अपघातानंतर ते त्या कधी चढले नव्हते. मी मागून आधार द्यायला निघाले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. मी खाली उभी राहिले. काचेतून दोघं दिसत होते. मामंजी बोलत होते, सासूबाई लाईनकडे तोंड करून उभ्या. मग त्या वळल्या आणि खाली स्टुलावर बसल्या. कामावर असताना त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. महिनाभर नवऱ्याशी बोलल्या मात्र नाहीत. मला वाटायचं, आपण घर मोडलं. एका संध्याकाळी मी त्यांची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही गं. त्यांच्यावरही तेवढा नाही. तुला एक सांगते, चौकशीत सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन शिट्ट्या ऐकून मी दांड्याची कळ दाबली होती. अर्धा ओढला होता. सुटला कसा हातातून, ते माझं मला माहीत नाही. त्यांनी मागितलं आणि मी देत होते. चारशे माणसं, बघ." त्यांनी स्वतःचे हात पालथे करून बघितले. "सात वर्षं मला वाटत होतं, त्यांच्या पायाची भीती वाटते मला. ती नव्हतीच."

महिन्यानंतर कधीतरी त्या बोलायला लागल्या. पहिलं वाक्य मिठाबद्दल होतं, कमी पडलंय म्हणून. नंतर मामंजी रोज दुपारी डबा घेऊन त्या बावीस पायऱ्या चढायचे आणि गाडी जाईपर्यंत वर स्टुलावर बसायचे. पाहुण्यांसमोरचं दोन फर्लांगांचं वाक्य बंद झालं. भीती काही कमी झाली नाही. उलट मामंजींची आता उघड दिसायची. गाडी चढताना ते सासूबाईंच्या बाहीला धरून बसायचे आणि त्या धरू द्यायच्या.

मामंजी गेले त्यानंतर तीन वर्षांनी सासूबाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी नवा सांधेवाला हजर झाला, चाळिशीचा, बायकामुलं असलेला जाडजूड माणूस. त्यांनी त्याला सगळं दाखवलं. त्याच्यासमोर एक गाडी वर गेली. त्यानं सांधा परत वाळूकडे लावला, तोंड पुसलं आणि विचारलं, "बाई, ही धाकधूक किती दिवसांत जाते?"

सासूबाईंनी डब्याचं झाकण नीट बसवलं.

"गेली की ऑफिसात कळव," त्या म्हणाल्या. "दुसरा माणूस पाठवतील."